आधीं धाग्याचा हिशेब, मग माग

विणकाम शिकावें काय, आणि शिकावयाचें तर आरंभ कोठून करावा, असा प्रश्न शेतकऱ्यांच्या व कारागिरांच्या घरांतून पुन्हां ऐकूं येऊं लागला आहे. पावसाचा भरंवसा नाहीं, शेताचे तुकडे पडत चालले आहेत, सुगी आटोपली कीं चार-पांच महिने हात रिकामे राहतात, आणि शिकलेलीं पोरें नोकरीचे अर्ज करून करून दमलीं आहेत. अशा वेळीं घरच्या घरीं चालणारा एखादा जोडधंदा असावा असें वाटणें साहजिक आहे. विचारणाऱ्यांत ज्यांच्या घरांत कधीं माग नव्हता असे लोक आहेत; तसेच ज्यांच्या आज्याचा माग मोडून चुलींत गेला अशा विणकर घराण्यांतले नातूही आहेत. आज दोघेही नवशिकेच.

या नवशिक्यांना आम्ही आरंभींच एक गोष्ट स्पष्ट सांगतों. धोटा फेकावयास शिकणें हें विणकामाचें अर्धें शिक्षण होय. उरलेलें अर्धें म्हणजे धाग्याची मोजणी आणि श्रमाचा हिशेब. पहिलें अर्धें शिकून जो दुसरें सोडून देतो तो कारागीर होतो खरा, पण जन्मभर दुसऱ्याचा कारागीर होतो.

प्रथम एक जुनी भीति काढून टाकूं. विणकाम हें साळी-कोष्ट्यांच्या रक्तांतच असतें, इतरांच्या हातीं तें बसत नाहीं, असें सांगणारे शहाणे गांवोगांव आहेत. त्यांना विचारावें कीं, कोणत्या एका जातीचें रक्त मागावर चालतें तें दाखवा पाहूं! सोलापुरांत तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली मंडळींनीं माग घातले. मालेगांव-भिवंडीला उत्तरेकडून आलेले मोमीन विणूं लागले. येवल्याच्या पैठणीवर खत्री, साळी, कोष्टी असे अनेकांचे हात चालले. घोंगडें सणगर-धनगरांनीं विणलें. नागपुराकडे महार मंडळी जाडेंभरडें सुती कापड विणून बाजारांत विकीत असत, याची नोंद जुन्या सरकारी ग्रंथांतून आहे. आणि कबीर विणकर होता हें तर भजन म्हणणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. तेव्हां रक्ताची गोष्ट सोडून द्या. विणकऱ्याचें मूल लवकर शिकतें तें रक्तामुळें नव्हे. तें रांगतें असल्यापासून मागाचा ठोका ऐकतें आणि पांचव्या-सहाव्या वर्षीं कांड्या उचलून देतें म्हणून. जें त्यास पाहून-ऐकून मिळालें, तें इतरांस नेटानें बसून मिळवावें लागेल, इतकाच फरक.

आतां मागाविषयीं. माग म्हणजे कांहीं जादूचें यंत्र नव्हे. उभे ताणून बसविलेले धागे तो ताणा. त्यांतून आडवा जाणारा धागा तो बाणा. पावडी दाबली कीं ताण्याचे निम्मे धागे वर उचलले जातात, निम्मे खालीं राहतात. मध्यें जी वाट पडते तींतून धोटा जातो. मग फणीचा ठोका बसून तो धागा मागच्या धाग्याला भिडतो. वाट पाडणें, धोटा फेकणें, ठोका देणें, या तीन क्रियांपलीकडे साध्या कापडांत चौथें कांहीं नाहीं. १७३३ सालीं इंग्लंडांत जॉन के यानें दोरीच्या झटक्यानें धोटा पळविण्याची युक्ति काढली. त्यामुळें ज्या रुंद कापडाला दोन माणसें लागत तें एकाच्या हातून होऊं लागलें. पण क्रिया तीनच राहिल्या. हातमागावर त्याच, आणि विजेच्या मागावरही त्याच.

मग अडतें कोठें? अडतें तें मागावर बसण्याच्या आधीं. लोकांना धोटा पळतांना दिसतो आणि तेंच विणकाम वाटतें. खरें पाहतां विणणें हें चार आण्यांचें काम, तयारी बारा आण्यांची. मोबाइलवर चार चित्रफिती पाहून जो माग विकत आणतो, त्याचा माग सहा महिन्यांत कपडे वाळत घालण्याच्या उपयोगी पडतो तो याच कारणानें. म्हणून आमचा पहिला सल्ला हा कीं, आरंभीं माग विकत घेऊं नका. कर्ज काढून तर मुळींच घेऊं नका.

त्याऐवजीं एखाद्या चालत्या मागाशेजारीं जाऊन बसा. जुना विणकर असेल त्यास 'मामा, मला चार दिवस कांड्या भरूं द्या' म्हणा. आपल्या पोरांनीं सोडलेली विद्या कोणी विचारावयास आलें तर त्या म्हाताऱ्यास आनंदच होईल. पहिला पंधरवडा तीनच कामें करा: तुटलेला धागा बारीक गांठीनें सांधणें, कांडी घट्ट व सारखी भरणें, आणि ताण्याचे धागे फणींतून ओवणें. गांठ इतकी बारीक बसली पाहिजे कीं ती फणीच्या घरांतून अडल्यावांचून गेली पाहिजे. डोळे मिटून ती गांठ येऊं लागली म्हणजे पहिली परीक्षा उतरली असें समजा.

घरीं सरावाला लांकडाच्या चार पट्ट्यांची चौकट पुरते. वरच्या व खालच्या पट्टीला सारख्या अंतरावर खिळे ठोकावे, जाड सुताचा ताणा ओढावा, बारीक फळीला बाणा गुंडाळून एक वर एक खालीं असा हातानें घालावा आणि केस विंचरण्याच्या फणीनें ठोकावा. वीतभर रुंदीची पट्टी विणावी, उसवावी, पुन्हां विणावी. त्यांत खर्च फारसा नाहीं आणि लाज तर मुळींच नाहीं. एकसारखा ताण व एकसारखा ठोका म्हणजे काय, हें जसें या चौकटीवर कळतें तसें दहा व्याख्यानें ऐकून कळणार नाहीं.

मग मागावर बसावयाचें तें दुपदरी सूत घेऊन. एकपदरी सूत स्वस्त मिळतें. पण त्याला पिठाची खळ देऊन, ब्रश फिरवून, वाळवून घ्यावें लागतें, नाहींतर तें फणींत घांसून तुटतें. खळ देणें ही स्वतंत्र विद्या आहे. पातळ झाली तर धागा फुलतो, दाट झाली तर कडक होऊन मोडतो. घोंगडेंवाले चिंचोक्याची खळ देतात, त्यांची मापें त्यांच्या हातांतच असतात. नवशिक्यानें हें ओझें पहिल्या दिवशीं डोक्यावर घेऊं नये. दोन पदर पिळलेलें जाड सूत खळीवांचूनही बहुधा टिकतें.

ताणा लावतांना उतावीळपणा करूं नये. प्रत्येक धाग्याची लांबी एक, ताण एक. एक धागा ढिला राहिला तर तो सबंध ताणाभर लोंबत राहतो आणि धोटा त्यांत अडकतो. एक धागा वर व दुसरा खालीं अशी जी फुली काठ्यांवर धरतात ती सुटली तर पांचशें धाग्यांचा गुंता होऊन बसतो, आणि तो सोडविण्यापेक्षां नवा ताणा घालणें परवडतें. मागावर बसल्यावर कांठ आंत ओढले जातात, ही प्रत्येक नवशिक्याची तक्रार. कारण एकच: बाणा ताणून घातला जातो. तो किंचित तिरपा व सैल ठेवावा, मग ठोका द्यावा. कापडाची रुंदी ताणून धरणारी आडवी काठी दर चार बोटांवर पुढें सरकवावी. कापड कोठें दाट, कोठें विरळ होतें तें ठोक्यामुळें; राग आला असतां विणूं नये म्हणतात तें उगाच नव्हे. उन्हाळ्यांत दुपारीं कोरड्या हवेंत सुती धागा फार तुटतो. म्हणूनच जुन्या लोकांनीं माग जमिनींतल्या खड्ड्यावर बसविला, कीं ओलीचा आधार मिळावा. पहांटे विणावें, दुपारीं कांड्या भराव्या. नाचतां येईना अंगण वांकडें असें मागाला म्हणण्यापूर्वीं आपला ताण, आपला ठोका आणि आपली वेळ तपासावी.

एवढें हाताचें झालें. आतां डोक्याचें.

सुताचा नंबर म्हणजे काय, हें ज्यास कळत नाहीं त्यानें सुताच्या दुकानाची पायरी चढूं नये. ८४० यार्डांची एक आटी. एका पौंडांत, म्हणजे सुमारें ४५४ ग्रॅममध्यें, अशा जितक्या आट्या बसतात तितका त्या सुताचा नंबर. २० नंबरी सुताच्या २० आट्या पौंडाला बसतात. नंबर मोठा तितकें सूत बारीक. २० नंबरी दोन पदर एकत्र पिळले कीं तें जाडीला १० नंबराइतकें होतें, म्हणजे पौंडाला ८,४०० यार्ड.

आतां दहा पंच्यांचा हिशेब मांडूं. प्रत्येक मुलानें व मुलीनें तो पाटीवर करून पाहावा. मागावर रुंदी २४ इंच, इंचाला २४ धागे. म्हणजे ताण्याचे धागे ५७६. पंचा ६० इंच लांब, दहा पंचे ६०० इंच. विणतांना व धुतल्यावर आटतें त्याकरितां ६० इंच, आणि मागावर शेवटीं जें विणतां येत नाहीं त्याकरितां आणखी ६० इंच धरा. एकूण ७२० इंच, म्हणजे २० यार्ड. ५७६ धागे गुणिले २० यार्ड, ताण्याला ११,५२० यार्ड सूत. बाण्यासाठीं दर पंच्याला आटीसह ६६ इंच, इंचाला २४ फेकी, म्हणजे १,५८४ फेकी. दहा पंच्यांना १५,८४० फेकी, प्रत्येक फेकीला २४ इंच. एकूण १०,५६० यार्ड. दोन्ही मिळून २२,०८० यार्ड. त्याला ८,४०० नें भागलें कीं सव्वादोन पौंडांच्या वर, अडीच पौंडांहून किंचित अधिक सूत येतें. तुटफूट धरून सव्वा किलो पुरे.

पाहा! दहा पंच्यांचा आरंभ सव्वा किलो सुतावर होतो. त्याकरितां कोणाच्या ओसरीवर हात जोडून उभें राहावें लागत नाहीं. आणि हा हिशेब ज्यास येतो त्यास कोणी फसवूंही शकत नाहीं. दुकानदारानें '२० नंबरी दुपदरी' म्हणून दिलेल्या सुताची ८४० यार्डांची एक आटी तराजूंत घालावी. ती सुमारें ४५ ग्रॅम भरली पाहिजे. ५० ग्रॅम भरली तर तें सूत १८ नंबरी आहे, आणि तुमच्या किलोमागें दहांतला जवळजवळ एक वांटा धागा गेला! ज्यानें हें तोलून पाहिलें नाहीं तो म्हणतो, 'यंदा कापड कमी कां भरलें कोण जाणे, दैव!' बाबांनो, तें दैव नव्हे. तें पांच ग्रॅम आहे.

विणकराच्या दारिद्र्याचें मूळ असेंच तागडींत व खातेवहींत सांपडतें. सूत व्यापाऱ्याचें, माग व्यापाऱ्याचा, सणावाराला उचल त्याची, कापड त्याच्याकडेच घालावयाचें, आणि भाव ठरविणारा तोच. विणणाऱ्याकडे काय उरतें? पाठदुखी आणि नगावारीची मजुरी. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेंत देशांत विणकर व पूरक कामें करणारे मिळून सुमारें ३५ लक्ष माणसें मोजलीं गेलीं; त्यांच्या कुटुंबांपैकीं अर्ध्याहून अधिकांची महिन्याची कमाई ५,००० रुपयांच्या आंत निघाली. हुन्नर नाहीं म्हणून हे लोक गरीब आहेत काय? त्यांचा हुन्नर पाहून परदेशीचे लोक तोंडांत बोट घालतात! त्यांच्या हातीं धोटा आहे, वही दुसऱ्याच्या हातीं आहे. म्हणून नवशिक्यानें पहिल्या ताण्यापासून नियम करावा: सूत रोखीनें, थोडें, आणि स्वतः तोलून. उधारीचें सूत म्हणजे गळ्यांतला ताणा.

हिशेबांत दुसरी एक चोरी असते, आणि ती घरांतलीच असते. वरच्या दहा पंच्यांना १०,५६० यार्ड बाणा लागला, म्हणजे साडेनऊ किलोमीटरांहून अधिक सूत कोणीतरी कांड्यांवर चढविलें. तें कोणी चढविलें? घरच्या लक्ष्मीनें. ताणा ओढावयास दुसऱ्या टोकाला कोण उभें होतें? तीच. खळ शिजवली कोणी? तिनें. आणि मजुरी मांडतांना घरधनी काय म्हणतो? 'मागावर मी एकटा. ती घरींच असते!' साडेनऊ किलोमीटर सूत गुंडाळणारी बाई घरीं बसलेली, आणि बसून विणणारा तेवढा कामकरी, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला? व्यापारी तुमचे श्रम मोजीत नाहीं म्हणून तुम्ही ओरडतां. मग तुम्ही घरांत तेंच करितां त्यास काय म्हणावें? पंच्याचा भाव ठरवितांना सुताची किंमत, रंग, खळ, मागाची झीज, बाजाराला जाण्याचें भाडें, आणि मागावरच्या व मागाबाहेरच्या प्रत्येक हाताचे तास लिहिले पाहिजेत. तिचे तास लिहिले नाहींत तर भाव खोटा, आणि त्या खोट्या भावानें विकणारा स्वतःच आपली मजुरी पाडतो.

शिवाय बाईनें कांड्याच कां भराव्या? तिलाही मागावर बसवा. त्याच गणनेंत देशांतल्या विणकरांपैकीं शेंकडा ७० हून अधिक स्त्रिया निघाल्या. सर्वांत मोठा भरणा आसामचा, तेथें खेड्यांतली मुलगी माग जाणतेच. आमच्याकडील पुष्कळ पेठांतून मात्र माग बाप्याचा व कांडी बाईची अशी वाटणी पडली. आसामांतल्या बाईच्या हाताला जें जमतें तें साताऱ्या-सोलापुराच्या बाईला कां जमूं नये?

आतां विणावें काय? येथें स्वप्नें पाहून चालणार नाहीं. इचलकरंजीस १९०४ सालीं विजेवर नव्हे तरी यंत्रावर चालणारा पहिला माग आला, आणि आज तेथें, मालेगांवांत, भिवंडींत यंत्रमागाचा खडखडाट रात्रंदिवस चालतो. साधें पांढरें कापड स्वस्तांत विणण्याच्या शर्यतींत हातमाग त्याच्यापुढें टिकणार नाहीं, आणि नवशिका तर नाहींच नाहीं. हातमागाचें बळ वेगळें आहे: थोडा माल, जाडाभरडा सुबक पोत, गिऱ्हाइकाच्या आवडीचा कांठ, हातकताईचें किंवा गांवच्या लोकरीचें सूत. पंचा, जाड टॉवेल, आसनपट्टी, सतरंजी, घोंगडें, असा माल घ्यावा, आणि प्रथम आपल्याच घरांत वापरून पाहावा. १९८५ सालीं केंद्र सरकारनें हातमागाकरितां कांहीं माल राखून ठेवण्याचा कायदा केला. त्या यादींत आतां ११ प्रकार आहेत आणि टॉवेल-गमछा त्यांत येतो. तरीही यंत्राचा माल हातमागाचा म्हणून सर्रास खपतो. २००६ पासून खऱ्या हातमागाच्या मालाला सरकारी शिक्का मिळूं शकतो, तो मिळवावा. कायदा दाराशीं येऊन आपणांस उठवीत नसतो. त्याला जाऊन उठवावें लागतें.

ज्यांच्या गांवांत जुना विणकर उरला नाहीं त्यांनीं मुंबईच्या किंवा नागपूरच्या विणकर सेवा केंद्राकडे पत्र घालून शिकवणीची चौकशी करावी. हीं केंद्रें सरकारचीं आहेत, म्हणजे आपल्याच पैशाचीं आहेत. आणि गांवांत पांच-सात घरें विणूं लागलीं तर त्यांनीं मिळून सूत आणावें, मिळून माल न्यावा. १९०४ च्या सहकारी कायद्यानें फक्त पतपेढ्यांना वाट मिळाली होती. १९१२ च्या कायद्यानें कारागिरांच्या उत्पादक मंडळ्यांनाही मिळाली. शंभरावर वर्षें दार उघडें आहे. पण ज्या मंडळींत सभासदांना वही वाचतां येत नाहीं ती मंडळी चिटणिसाची होते, आणि विणकर एका सावकाराच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हातीं जातो. नांव फक्त सहकारी! तेव्हां तेथेंही गांठ हिशेबाशींच.

शेती सोडून मागाच्या मागें लागा असें आम्ही म्हणत नाहीं. एका वर्षांत कोणी विणकर होत नाहीं, आणि पहिले दहा पंचे वांकड्या कांठांचे निघतील हें आतांच समजून असा. ते विकूं नका, घरांत वापरा. दुसऱ्या दहांचे कांठ सरळ येतील, तिसऱ्या दहांना गिऱ्हाईक येईल. तोंवर पोटाला शेत आहे, हाताला मजुरी आहे. थेंबें थेंबें तळें सांचतें, तसें धाग्या-धाग्यानेंच कापड होतें.

तेव्हां शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, या उन्हाळ्यांत चौकटीला खिळे ठोका, एक गांठ शिका, एक आटी तोला. आणि माग घरांत आणण्यापूर्वीं दोन आण्याची एक वही आणा. ती आज दोन आण्यांना मिळत नाहीं हें खरें, पण कोणत्याही मागापेक्षां स्वस्तच पडेल. तिच्या पहिल्या पानावर सुताचें वजन लिहा आणि दुसऱ्या पानावर घरांतल्या प्रत्येकाचे, बायको-मुलीसुद्धां, श्रमाचे तास लिहा. ज्या घरांत हीं दोन पानें रोज भरलीं जातील त्या घरचा माग कोणी ओढून नेणार नाहीं.